रिबन केबल : प्रत्येक सिग्नलशेजारी ग्राउंड

दोन बोर्ड रिबन केबलने (शेजारी-शेजारी चिकटलेल्या तारांची चपटी पट्टी) जोडले की टेबलावर सगळं नीट चालतं, पण शेजारचा रिले (विजेवर चालणारा स्विच) खटकन बसला की चुकीचा डेटा येऊ लागतो. शिल्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल मागवण्याआधी कनेक्टरच्या पिना बघा. बरेचदा सगळे सिग्नल ओळीने आणि ग्राउंडची, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वाटेची, एकच पिन कोपऱ्यात असते; ही वाट लांब पडली की गडबड सिग्नलमध्ये शिरते.

१. दोन ओळींच्या बॉक्स हेडरवर (बोर्डवरचा, केबल खोचायचा पिनांचा कनेक्टर) विषम पिनांना (१, ३, ५...) सिग्नल द्या, सम पिना सगळ्या ग्राउंडला. केबलमध्ये तारा १, २, ३ अशाच क्रमाने येतात, त्यामुळे दोन सिग्नलांमध्ये आपोआप ग्राउंडची तार बसते.
२. क्लॉक (डेटाला ताल देणारा वेगवान सिग्नल) मधल्या पिनेवर घ्या. पिन १ ची तार कडेची, तिला एकाच बाजूने ग्राउंड मिळतो. तिथे रिसेटसारखा संथ सिग्नल चालेल.
३. प्रत्येक ग्राउंड पिन थेट ग्राउंड प्लेनमध्ये (बोर्डमधला ग्राउंडचा सलग तांब्याचा थर) उतरवा. एकाच बारीक ट्रॅकवर सगळ्या ओवल्या तर केलेलं वाया जातं.

१० पिनांत पाचच सिग्नल बसतात, हे खरं. पण थोडा मोठा हेडर मला तरी शिल्डेड केबलपेक्षा नेहमी स्वस्त पडला आहे. जुन्या हार्डडिस्कच्या ८० तारांच्या केबलमध्येही हेच होतं : कनेक्टर ४० पिनांचाच, वाढवलेल्या ४० तारा सगळ्या ग्राउंडच्या.

जपायचं एकच : काही फूटप्रिंटमध्ये (बोर्डच्या डिझाइनमधला हेडरच्या पिनांचा आराखडा) पिनांचे नंबर आयसीसारखे, एका ओळीने खाली आणि दुसरीने वर जातात. तसं असेल तर सम-विषमचा हिशेबच चुकतो. बोर्ड बनवायला देण्याआधी पिन २ ही पिन १ च्या समोर आहे ना, ते पाहा.