परदेशातून महाराष्ट्राचं राजकारण लिहिताना: बातम्या चार, सूत्र एकच

निवडणुका तोंडावर आल्या की तुमच्यासारख्यांचे मेसेज सुरू होतात. पुण्या-मुंबईत, नाहीतर नाशिक-औरंगाबादला काही वर्षं बातमीदारी किंवा डेस्क केलेलं असतं. आता लंडन, दुबई, टोरांटोत नोकरी लागलेली, आणि नव्या संपादकांनी ‘तुम्ही तिकडचेच ना, मग महाराष्ट्र तुम्ही बघा’ म्हणून बीट गळ्यात मारलेली. बातमी कशी लिहायची हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मी बर्लिनमधून हेच काम करते. अजूनही मजकूर पाठवायच्या दिवशी पोटात गोळा येतो, तेव्हा हे सगळं मला साधलंय असं समजू नका.

आधी पासपोर्टचं बघा. भारतीय पासपोर्ट आहे तोवर गावी जाऊन कुणाशीही बोला, माहिती अधिकारात अर्ज टाका, काही अडत नाही. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) काढलंत की मात्र चित्र बदलतं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला भारतात पत्रकारिता करायची तर विशेष परवानगी लागते. ‘लग्नाला चाललोच आहे, जाता जाता दोन मुलाखती उरकतो’ हा प्रकार करू नका. माहिती अधिकार कायदाही फक्त नागरिकांसाठी आहे. या बाबतीत ‘अरे, काही होत नाही’ म्हणणारे चिक्कार भेटतील; त्यातल्या एकालाही स्वतः अर्ज करावा लागलेला नसतो.

हे झालं सोपं. कारण ते कुठेतरी लिहिलेलं आहे. खरा सापळा कुठेच लिहिलेला नाही, आणि त्यात अनुभवी माणसंच आधी अडकतात.

मुंबईत असताना एखादी ओळ टिकरवर (वाहिनीच्या पडद्याखालच्या सरकत्या पट्टीवर) आली की ती कुठून आली याचा अंदाज तुम्हाला आपोआप यायचा. मंत्रालयाच्या कुठल्या मजल्यावर कुजबुज होती, कुणाचा पीए सकाळपासून फोन करत होता, कोणत्या बातमीदाराचं कुठल्या नेत्याशी सूत आहे, हे सगळं डोक्यात असायचं. त्याला आपण ज्ञान म्हणत नव्हतो, पण होतं ते ज्ञानच. परदेशात आलात की ते जातं आणि हातात उरतो फक्त पडदा. त्यावर एक मराठी वाहिनी, एक पोर्टल, एक इंग्रजी दैनिक आणि एक वृत्तसंस्था एकच गोष्ट सांगत असतात. चौघांकडे आहे म्हणजे बातमी पक्की, असं आपण धरून चालतो.

आता ती गोष्ट तिथवर कशी पोचते ते बघा. नेत्याचं माध्यम सांभाळणारा पोरगा बातमीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी टाकतो. वर लिहितो, ‘माझं नाव नको’. वाहिनी त्या तशाच्या तशा टिकरवर घेते. पोर्टलचा डेस्कवाला टिकर बघून दहा मिनिटांत मजकूर पाडतो. इंग्रजीवाले त्याचं भाषांतर करतात, वृत्तसंस्था ‘असं वृत्त आहे’ म्हणून पुढे ढकलते. तासाभराने त्याच नेत्याचे कार्यकर्ते इंग्रजी बातमीचा स्क्रीनशॉट फिरवतात: बघा, आता तर इंग्रजीतही आलं. चारही ठिकाणी ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ लिहिलेलं असतं आणि चारही ठिकाणी ते सूत्र म्हणजे तोच पोरगा असतो.

माझ्या कॉपीत ‘तीन स्वतंत्र माध्यमांच्या वृत्तानुसार’ असं वाक्य होतं. इथल्या संपादकबाईंना महाराष्ट्राचं ओ की ठो माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘या तिघांपैकी त्या खोलीत कोण होतं?’ उत्तर नव्हतं. वाक्य गेलं आणि त्याबरोबर अर्धा मजकूरही गेला.

हे ओळखायचं कसं? चुका बघा. माणसं आपापली बातमी आणतात तेव्हा चुकाही आपापल्या करतात. आमदाराचं आडनाव तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने चुकलं असेल, तालुका तिन्ही ठिकाणी शेजारचा पडला असेल, तर मजकूर एकाच हातचा. दुसरी खूण म्हणजे वेळ. तीन पोर्टलवर वीस मिनिटांच्या आत एकच बातमी, त्याच क्रमाने, त्याच विशेषणांसकट आली तर तिघांना वेगवेगळे माहीतगार भेटले असं समजणं भाबडेपणाचं आहे.

जून २०२२ आठवा. एकनाथ शिंदेंबरोबर किती आमदार, हा प्रश्न सुरतेपासून गुवाहाटीपर्यंत तासातासाला विचारला जात होता. सेनेचे ५५ आमदार, दोन तृतीयांश म्हणजे ३७. त्या ३७ वर पुढचं पक्षांतरबंदी कायद्याचं गणित टेकलेलं असल्यामुळे एका बाजूला आकडा फुगवायचा होता आणि दुसरीला आटवायचा. म्हणजे आकडा देणारा प्रत्येक जण त्यात गुंतलेला होता. तेव्हा ‘किती’ या प्रश्नापेक्षा ‘कोण म्हणतंय’ हे जास्त महत्त्वाचं होतं, आणि नेमकं तेच बातमीत नसायचं.

सूत्र खरं असलं, नावानिशी बोललेलं असलं, तरी ते एकच आहे हे विसरायचं नाही. २२ नोव्हेंबर २०१९ च्या संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमधल्या बैठकीतून बाहेर पडताना शरद पवारांनी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं उघड सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या दैनिकांची पहिली पानं त्यावर लागली. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते. बर्लिनमध्ये तेव्हा रात्रीचे साडेतीन. दैनिकं खोटं बोलली नव्हती. फक्त, दहा दैनिकांनी छापलं म्हणून त्या एकमताचं वजन दहापट झालं नव्हतं.

आणि हे काही आजचं नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत जवळपास शब्दशः आला, तेव्हा ‘पेड न्यूज’ची चर्चा देशभर गेली. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली, २०१० मध्ये तिचा अहवाल तयार झाला, आणि कौन्सिलने आधी त्याची छाटलेली आवृत्तीच बाहेर काढली. तेव्हा निदान पैसे तरी मोजावे लागत. आता ग्रुपवर टाकलं की फुकटात होतं.

मग करायचं काय? मी वहीत प्रत्येक बातमीपुढे एक रकाना ठेवते: हे प्रत्यक्ष कुणी पाहिलं किंवा ऐकलं? रकाना रिकामा राहिला तर ती बातमी माझ्यासाठी अफवा, मग ती कितीही ठिकाणी छापून येवो. कंटाळवाणं आहे. दर वेळी वाटतं, एवढं कशाला. तरीही करा.

वाहिन्या बंद करून थोडे कागद वाचा. शासन निर्णय संकेतस्थळावर तारखेनिशी पडतात. उमेदवाराचं २६ नंबरच्या फॉर्ममधलं शपथपत्र निवडणूक आयोग सर्वांसाठी खुलं ठेवतो. केंद्रनिहाय मतांसाठी २० नंबरचा फॉर्म असतो. बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव मिळतात. काही सरकारी संकेतस्थळं परदेशातून उघडत नाहीत. त्यासाठी तिकडच्या एखाद्या मित्राची चिकाटी उपयोगी पडते.

कांद्याचंच घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. मधले पाच महिने मुंबईच्या स्टुडिओत फुटलेल्या पक्षांचं चिन्ह, नाव, अपात्रता हेच चालू होतं. तेव्हा ज्याने लासलगावचे भाव रोज पाहिले असतील, त्याला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या याचा धक्का कमी बसला असेल. आणि त्याच दिंडोरीच्या निकालाचा तक्ता बघा. शरद पवार गटाचे भास्कर भगरे जिंकले. खाली भगरे आडनावाचाच एक अपक्ष, आणि त्याला एक लाखाहून जास्त मतं! परदेशातून बघणारा म्हणेल, केवढा मोठा अपक्ष. त्याचं चिन्ह होतं तुतारी, आणि पवार गटाचं तुतारी वाजवणारा माणूस. हे तक्त्यात दिसत नाही. निफाड-चांदवडकडच्या कुठल्याही वार्ताहराला फोन लावा, तो अर्ध्या मिनिटात सांगतो.

‘मूड’ ओळखण्याचा मोह तर अजिबात नको. जून २०२४ मध्ये ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे गेल्या, तेव्हा परदेशातल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी विधानसभेचा निकालही मनातल्या मनात लावून टाकला होता. नोव्हेंबरात एकटा भाजप १३२ वर गेला. मधल्या काळात लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये पडायला लागले होते. तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये त्या योजनेतल्या किती बायका आहेत? माझ्या ग्रुपमध्ये एकही नाही. मग त्या ग्रुपवरून मी कुणाचा मूड ओळखणार?

आता थोडं माझं खाजगी मत. मोठ्या नावाचा गुरू शोधत बसू नका. दिल्ली-मुंबईतले नामवंत संपादक तुम्हाला प्रेमाने जेवू घालतील आणि स्वतःची जुनी भांडणं विश्लेषण म्हणून सांगतील. त्यापेक्षा जिल्हा आवृत्तीतला उपसंपादक धरा, जो वीस वर्षं तालुक्याच्या कॉप्या सुधारतोय. कोणता वार्ताहर कुणाचा माणूस आहे हे त्याला कॉपीच्या पहिल्या ओळीवरून कळतं. आणि दिवसाच्या बातम्यांचा सारांश काढून देणाऱ्या यंत्रांवर विसंबणार असाल तर वरचे सगळे परिच्छेद परत वाचा. एका सूत्राच्या चार बातम्यांचा सारांश काढला तरी आत तोच पोरगा असतो.

इथल्या जेवणांत आणखी एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘तिकडचा मीडिया सगळा विकला गेलाय.’ त्यासोबत जागतिक माध्यम स्वातंत्र्य निर्देशांकातला भारताचा क्रमांक. २०२३ ला १६१, २०२४ ला १५९, २०२५ ला १५१. आकडे खरे आहेत, पण ते फेकले की काम संपत नाही. राजापूरचे शशिकांत वारिसे बारसूच्या रिफायनरी प्रकल्पाबद्दल लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना गाडीखाली चिरडलं गेलं. ‘सगळा मीडिया’ म्हणताना त्यात वारिसेही मोजले जातात, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

घाबरवायचा हेतू नाही. अंतराचा फायदाही आहे. वाढदिवसाच्या पुरवणीच्या जाहिराती तुम्हाला आणायच्या नाहीत, मालकाच्या साखर कारखान्याचं तुम्हाला सांभाळायचं नाही. मुंबईतला बातमीदार उद्या त्याच नेत्यासमोर माईक धरायचाय म्हणून जो प्रश्न गिळतो, तो तुम्ही विचारू शकता. सुरुवातीचे काही महिने आपण मागे पडतोय असं वाटेल, सगळ्यांनी चालवलेली बातमी आपण सोडली म्हणून डेस्क कुरकुरेल. त्यातल्या किती बातम्या आठवड्याने टिकल्या हे त्यांना दाखवा. डेस्क हळूहळू निवळतं.

पण तुमच्यासाठी तालुक्यात फिरणारा माणूस त्या अंतराच्या अलीकडे नाही. बदनामीचा खटला, आता न्याय संहितेचं ३५६ कलम, त्याच्यावर आधी येईल. रात्री दारात माणसं येतील ती त्याच्या. म्हणून नाव छापायचं का हे त्याला आधी विचारा, आणि ‘हो’ म्हणाला तरी मजकूर जाण्यापूर्वी पुन्हा विचारा. मानधन कामाच्या आधी ठरवा. तिकडे त्याला बहुतेकदा जाहिरातीच्या कमिशनवर राबवतात, त्यामुळे तो स्वतःहून आकडा सांगणार नाही; तुम्हीच सांगा, आणि तुमच्या चलनात विचार करून सांगा. त्याचं खातं जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत असेल तर परदेशातून पैसे बहुधा थेट पोचणार नाहीत. एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेतलं खातं आणि आयएफएससी कोड पहिल्याच फोनवर मागून घ्या, म्हणजे तुमच्या लेखा विभागाला निमित्त उरणार नाही.