गणंग, चिवट लाह्या आणि दाताला चिकटणारा पाक : पॉपकॉर्न करताना या चुका टाळा

पातेल्याच्या तळाशी मूठभर गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, उरले की पहिला संशय गॅसवर जातो. पण बरेचदा दाणेच वाळलेले असतात. पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा लागतो. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची वाफ कडक साल आतून फोडते. अर्धवट उघड्या पुडीत वर्षभर पडलेल्या दाण्यात ती वाफ होणार कुठून? असे दाणे फेकू नका. पाव किलोला एक छोटा चमचा पाणी घालून बरणी घट्ट बंद करा, अधूनमधून हलवा आणि दोन-तीन दिवसांनी फोडून बघा. भुट्ट्याचे किंवा स्वीटकॉर्नचे दाणे वाळवून मात्र हा खटाटोप करू नका. लाह्यांचा मका वेगळ्याच जातीचा असतो.

आतला ओलावा हवा, बाहेरचा नको. निम्म्या चुका इथेच होतात. झाकण गच्च लावलं की फुटलेल्या लाह्या स्वतःच्याच वाफेत भिजतात आणि चामड्यासारख्या चिवट होतात. झाकण किंचित तिरकं ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल आणि तीनच दाणे टाका. तिन्ही फुटले की अर्धी वाटी दाणे घाला, मध्यम आचेवर पातेलं हलवत राहा. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की गॅस बंद. उरलेल्या चार दाण्यांच्या लोभापायी अख्खा घाणा करपतो. लाह्या लगेच परातीत पसरा.

खारे पॉपकॉर्न मऊ पडण्याचं कारण बहुधा बटर. त्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, ते थेट लाह्यांवर बसतं. त्याऐवजी पातळ केलेलं साजूक तूप घ्या. लिंबू पिळायचा मोहही आवरा, आमचूर चालेल. मीठ खाली घसरत असेल तर ते जाड आहे; मिक्सरमधून पिठासारखं करा आणि लाह्या गरम, तुपकट असतानाच भुरभुरा. फोडणी द्यायची तर कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्या आणि तिखट गॅस बंद करून घाला, नाहीतर घरभर ठसका. मेतकूट घालून बघा. माझ्या मते बाजारातल्या चीज पावडरीपेक्षा ते कधीही सरस.

खरी परीक्षा गोड पॉपकॉर्नची. आठ वाट्या लाह्यांना अर्धी वाटी चिक्कीचा गूळ आणि चमचाभर तूप पुरतं. साधा गूळ घेतला तर पाक बरेचदा मऊच राहतो. पाक झाला का, हे रंगावरून ठरवू नका. गार पाण्यात थेंब टाका. तो ताणला गेला तर थांबा. टक्‌कन मोडला तर झाला. इथे घाई केली की लाह्या दाताला चिकटतात आणि एक मिनिट जास्त ठेवला की कडू. गॅस बंद करून चिमूटभर खायचा सोडा घाला, पाक फेसाळून हलका होतो. लाह्या कोमट हव्यात, गार लाह्यांवर पाक तिथल्या तिथे आळतो आणि अर्ध्या कोऱ्याच राहतात. गोड-खारट चव हवी असेल तर बारीक मीठ पाक ओला असतानाच भुरभुरा. ढवळायला तूप लावलेलं उलथनं घ्या. पाकाला बोट लावू नका, तो उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी तापलेला असतो.

गणंग आधीच निवडून टाका. पाकात लपलेला एक दाणा दाताचा तुकडा पाडू शकतो. अगदी लहान मुलांना तर पॉपकॉर्न देऊच नये, घशात अडकतात.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात परात तासभर उघडी राहिली तरी लाह्या सादळतात. खारे असतील तर कोरड्या कढईत मंद आचेवर परतून घ्या. गुळाचे मात्र कढईत घालू नका, पाक विरघळून सगळ्याचा एक गोळा होतो.