कॉलेज फुटबॉल कळत नाही? आधी डिफेन्सकडे बघा आणि या चुका टाळा

ऑगस्टमध्ये अमेरिकेत शिकायला आलेली आपली मुलं कॉलेज स्टेशन, कोलंबस, अ‍ॅन आर्बर, ऑबर्न अशा गावांत उतरतात. घर लागतं, बँकेत खातं उघडतं, लेक्चर सुरू होतात आणि सप्टेंबरच्या एका शनिवारी अख्खं गाव एकाच रंगाचे शर्ट घालून स्टेडियमकडे निघालेलं दिसतं. मग उत्सुकतेने टीव्ही लावला जातो आणि अर्ध्या तासात बंदही होतो. अमेरिकन फुटबॉलबद्दल ‘सारखा थांबतो हा खेळ, नुसती ढकलाढकली चाललीय’ हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की त्यामागची कारणं लिहून ठेवावीशी वाटली. खेळ अवघड नाही. पाहताना आपण काही ठराविक चुका करतो आणि त्यातल्या बहुतेक डिफेन्सकडे, म्हणजे बचाव करणाऱ्यांकडे, दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

डोळे चेंडूच्या मागे धावतात

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि टीव्हीचा कॅमेराही तीच करायला लावतो. क्रिकेटमध्ये चेंडूवर नजर ठेवली की सगळं दिसतं. इथे चेंडू हलला की बराचसा डाव ठरून गेलेला असतो. बघायचं ते त्याआधीच्या दहा-पंधरा सेकंदांत.

आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. या प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. समजा तिसरा डाउन आहे आणि अजून ७ यार्ड हवेत. आता डिफेन्समध्ये सर्वांत मागे उभ्या असलेल्या दोन सेफ्टींकडे बघा. दोघं साधारण एकाच रेषेत, मैदानाचे दोन भाग वाटून घेतल्यासारखे उभे आहेत. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, तेच बघून मनात पास ठरवतो. चेंडू मागे आला, म्हणजे स्नॅप झाला, की एक सेफ्टी सरकत मधोमध जातो आणि दुसरा खाली धावत येतो. क्वार्टरबॅकने वाचलेलं चित्र आता उरलेलंच नाही. त्याच क्षणी एक लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागे उभा असलेला बचावपटू, त्याच्या अंगावर धावून येतो. क्वार्टरबॅकला वाटतं, लाइनबॅकर निघाला म्हणजे त्याची जागा मोकळी, तिथे पटकन टाकू. पण तिथे पुढच्या फळीतला एक धिप्पाड गडी गुपचूप मागे सरकून उभा असतो. हल्ला करणारे चारच, पण कोणते चार हे शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. याला सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात आणि हल्लीच्या कॉलेज डिफेन्सचं हे आवडतं हत्यार आहे. कॅमेरा आपल्याला फक्त फसलेला पास दाखवतो.

कबड्डी बघितलेल्यांना हे लवकर उमगतं. रेडर कुठे पाय टाकेल यापेक्षा साखळीतला कोण कधी हात सोडतो, यावर पकड ठरते.

मैदानावरच्या हॅश मार्ककडेही, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या आखूड रेषांच्या दोन रांगांकडेही, लक्ष द्या. मैदानाची रुंदी १६० फूट. कॉलेज फुटबॉलमध्ये हॅशच्या दोन रांगांमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, व्यावसायिक एनएफएलमध्ये मात्र १८.५ फूटच. म्हणून कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असला की डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे १०० फूट जागा उरते. डिफेन्सला एक बाजू रुंद आणि एक अरुंद धरून माणसं मांडावी लागतात. रुंद बाजूला सगळ्यात चपळ कोण, अरुंद बाजूला दांडगा कोण, हे स्नॅपपूर्वी शोधायची सवय लागली की खेळातले ‘थांबे’ कंटाळवाणे वाटत नाहीत.

‘तो लाइनबॅकर झोपला होता का?’

पुष्कळदा तो झोपलेला नसतो, कात्रीत सापडलेला असतो. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, पोटाशी नेतो आणि त्या एका लाइनबॅकरकडे बघतो. तो पुढे आला तर चेंडू काढून त्याच्या डोक्यावरून पास, मागे राहिला तर धाव. याला आरपीओ (रन-पास ऑप्शन) म्हणतात. कॉलेजच्या नियमांनुसार अशा वेळी आक्रमणाचे लाइनमन ३ यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये १ यार्डच. समोर ब्लॉकर अंगावर येताना दिसले की लाइनबॅकरला वाटणारच की धाव आहे. म्हणून हल्ली बहुतेक संघ तिसरा लाइनबॅकर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे पास अडवणारा, खेळवतात. त्याला निकेल म्हणतात. आयोवा स्टेटने तर डिफेन्सचे प्रशिक्षक जॉन हीकॉक यांच्या हाताखाली पुढे तीनच लाइनमन आणि मागे तीन सेफ्टी अशी मांडणी रुजवली आणि पुढे अनेकांनी ती उचलली.

कॉर्नरबॅकला, म्हणजे कडेला पास पकडणाऱ्याला रोखणाऱ्याला, शिव्या घालण्याआधीही थोडं थांबा. त्याच्यासमोर पास पकडला गेला म्हणजे चूक त्याचीच, असं नाही. झोन डिफेन्समध्ये, म्हणजे माणूस नव्हे तर जागा राखताना, तो खोलवरचा भाग राखत असतो आणि आखूड पास दुसऱ्याच्या वाट्याचा असतो. रिप्लेमध्ये कोणता खेळाडू हात पसरून दुसऱ्याकडे बघतोय ते पाहा, दोषी बहुधा तिथेच सापडतो.

भलत्या वेळी आरडाओरडा

आपला संघ आक्रमणाला आला की नवखा माणूस जोरात ओरडतो. शेजारचे वळून बघतात, पण कारण कुणी सांगत नाही. कारण साधं आहे. आपल्या क्वार्टरबॅकला ऐन वेळी सहकाऱ्यांना हाका मारून डाव बदलायचा असतो, म्हणून तेव्हा शांतता हवी. घसा फोडायचा तो समोरचा संघ आक्रमण करत असताना आणि त्यातही तिसऱ्या डाउनला. गोंगाटात हाका ऐकू आल्या नाहीत की लाइनमन वेळेआधी हलतो आणि ५ यार्डांचा दंड बसतो. २०२४ पासून प्रशिक्षकाला एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलता येतं, पण प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यामुळे प्रेक्षकांची किंमत कमी झालेली नाही.

कॉलेज स्टेशनच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डवर लाखाहून अधिक लोक बसू शकतात, पण विद्यार्थी पूर्ण सामना उभेच असतात. २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले, तेव्हा प्रेक्षकांमधून ई. किंग गिल या विद्यार्थ्याला बोलावून गणवेश चढवायला सांगितलं. त्याला खेळावं लागलं नाही, पण तो शेवटपर्यंत तयार उभा राहिला. ‘बारावा माणूस’ ही परंपरा तिथून आली. म्हणून त्या विभागातलं तिकीट काढून बसून राहू नका. पाय दुखत असतील तर दुसरीकडचं तिकीट घ्या.

आणि पाठपिशवी घरीच ठेवा. मोठ्या स्टेडियमांत पारदर्शक पिशवीशिवाय आत सोडत नाहीत.

आकड्यांवरून डिफेन्सला नावं ठेवणं

२४ नोव्हेंबर २०१८ ला ए अँड एमने एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) ७४-७२ असं हरवलं. नुसता गुणफलक बघणारा म्हणेल, दोघांकडे डिफेन्स नव्हताच. पण चार क्वार्टर संपले तेव्हा गुण ३१-३१ होते. बाकीचे सगळे सात ओव्हरटाइममधले. तेव्हाच्या नियमानुसार प्रत्येक ओव्हरटाइममध्ये दोन्ही संघांना चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्ड रेषेवर मिळत असे, म्हणजे डिफेन्स सुरुवातीलाच अडचणीत. तरीही हे गुण ‘दिलेल्या गुणां’त धरले जातात. आपल्या क्वार्टरबॅकचा पास अडवून समोरच्याने केलेला टचडाउनही त्यातच जातो, जेव्हा डिफेन्स बाकावर बसलेला असतो.

दुसरी गफलत धावांच्या यार्डांची. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक मागे पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर ते उणे यार्ड धावण्याच्या आकड्यातून वजा होतात. समोरच्यांनी ११० यार्ड धाव काढली आणि सॅकमध्ये ३० गमावले तर कागदावर ८० दिसतात. मग आपण खूश होतो की धाव छान अडवली. सॅक वेगळे काढून मगच मत बनवा. आणि यार्ड सामन्यामागे मोजू नका, प्रत्येक प्लेमागे, म्हणजे डावामागे, किती दिले ते बघा. झटपट खेळणाऱ्या संघासमोर डिफेन्सच्या वाट्याला प्लेच जास्त येतात.

रिक्रूटिंग: तारे मोजून मोकळं होणं

शाळकरी खेळाडूंना रिक्रूटिंगच्या, म्हणजे कॉलेज संघांतल्या भरतीच्या, वेबसाइट दोन ते पाच तारे देतात. याबाबतीत चाहते दोन टोकांना जातात. एक गट म्हणतो तारे म्हणजे थोतांड, दुसऱ्याला तारे आले की चषक आलाच वाटतं.

पहिल्या गटाने २०२२ चा मोसम आठवावा. टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) हा फारशा ताऱ्यांचा धनी नसलेला संघ, पण उपांत्य सामन्यात मिशिगनला ५१-४५ हरवून अंतिम फेरीत गेला. तिथे जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं लोळवलं. एखाद्या रात्री युक्तीने बाजी मारता येते, पण जॉर्जियाच्या पुढच्या फळीसमोर चारही क्वार्टर टिकायला तशीच माणसं लागतात. आणि ती दुर्मीळ असतात. २०२१ च्या जॉर्जिया डिफेन्समधला जॉर्डन डेव्हिस ३४१ पौंडांचा, म्हणजे सुमारे १५५ किलोंचा, आणि ड्राफ्टपूर्व, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीआधीच्या, चाचणीत तो ४० यार्ड ४.७८ सेकंदांत धावला. अशा देहाला असा वेग असलेली मुलं एका पिढीत किती निघणार? त्या डिफेन्समधले पाच जण २०२२ च्या ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत निवडले गेले, ट्रॅव्हॉन वॉकर तर पहिल्या क्रमांकावर. हीच खरी रिक्रूटिंगची चुरस. क्वार्टरबॅकच्या बातम्या मोठ्या छापून येतात, पण मी कोणत्याही संघाची यादी आली की आधी डिफेन्सिव्ह लाइनमन मोजतो.

दुसऱ्या गटाने त्याच वर्षीचं ए अँड एम आठवावं. २०२२ ची त्यांची भरती देशात पहिल्या क्रमांकाची, आणि मोसमाचा निकाल ५ विजय, ७ पराभव. त्या भरतीतला हिरा होता डिफेन्सिव्ह लाइनमन वॉल्टर नोलन. तो पुढे ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलण्याच्या व्यवस्थेतून, ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) गेला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला. मुलगा गुणी होताच, पण त्याचं फळ दुसऱ्याच्या अंगणात पडलं. पोर्टल आल्यापासून भरतीची यादी म्हणजे जेमतेम वर्षभराचा अंदाज. कोण आला याबरोबर कोण टिकला हेही बघावं लागतं.

तोंडी होकारावर विश्वास ठेवणं ही तर नेहमीची फसगत. ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला होकार देऊन बसला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सहीच्या दिवशी त्याने जॅक्सन स्टेट निवडलं, पुढे कोलोरॅडोला गेला आणि सर्वोत्तम खेळाडूची २०२४ ची हाइजमन ट्रॉफी जिंकला. सही होईपर्यंत काहीच पक्कं नसतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमवता येतं, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. त्यामुळे निर्णय आणखी उशिरा बदलतात.

एवढं मात्र कळकळीने सांगतो: होकार फिरवणाऱ्या मुलाला सोशल मीडियावर गाठून बोल लावू नका. तो सतरा वर्षांचा असतो.

वैरात काय बोलू नये

टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एमची चेष्टा-मस्करी शंभर वर्षांहून जुनी आहे. लाँगहॉर्न्सची, म्हणजे टेक्सासच्या संघाची, शिंगं कापण्याची भाषा ए अँड एमच्या गाण्यातच आहे, तेव्हा त्यावर बिनधास्त बोला. बॉनफायरवर बोलू नका. टेक्सासविरुद्धच्या सामन्याआधी विद्यार्थी लाकडांचा प्रचंड ढीग रचून पेटवत. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे तो रचताना कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी झाले. आज तिथल्या स्मारकात बारा जणांची बारा दारं आहेत, प्रत्येक दार त्या त्या व्यक्तीच्या गावाच्या दिशेला. त्या वर्षी टेक्सासचे विद्यार्थीही शोकात सामील झाले होते. नवख्याने गंमत म्हणून ‘होळी’ वगैरे शब्द काढला की माणसं दुखावतात, आणि का दुखावली हे त्याला कळतही नाही.

मालमत्तेला, झाडांना हात लावणं हा तर गुन्हाच. २०१० च्या आयर्न बोलनंतर, म्हणजे अलाबामा-ऑबर्न सामन्यानंतर, अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक वृक्षांना विष घातलं. २०१३ मध्ये ते तोडावे लागले. हे सांगताना अलाबामाचे सच्चे चाहतेही मान खाली घालतात.

आणि एका रात्रीवरून प्रशिक्षकाची हकालपट्टी मागू नका. ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगन ६ विजय आणि ५ पराभव घेऊन ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला आलं होतं आणि जिंकण्याची आशा कुणालाच नव्हती. ओहायो स्टेट पुन्हा पुन्हा पुढच्या फळीच्या मधोमध धाव घेत राहिलं, जिथे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे होते. दोघंही पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. सामना १३-१० असा मिशिगनने घेतला. मैदानाच्या मधोमध झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड झाला. त्या रात्री कोलंबसमध्ये प्रशिक्षक रायन डे यांना काढा, हाच घोष होता. २० जानेवारी २०२५ ला त्याच डे यांच्या संघाने नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं.

ओहायो स्टेटचा कुणी सहकारी किंवा घरमालक भेटला तर आधी त्या अजिंक्यपदाचं बोला. १३-१० चा विषय तो स्वतःच काढेल आणि त्या धावा मधूनच का घेतल्या, हे कागदावर आखून दाखवेल.