चुनखडीच्या गुहा बघायला जाताय? या चुका टाळा

ठाण्याहून निघालेला माणूस डोक्यात येऊरपलीकडची कान्हेरी घेऊन जातो आणि निम्मे घोळ तिथेच सुरू होतात. कान्हेरी माणसांनी बेसॉल्टमध्ये कोरली. आंध्रातल्या बेलम आणि बोर्रा गुहा पाण्याने घडवल्या, आणि ते काम अजून संपलेलं नाही.

म्हणूनच हात लावणं ही सगळ्यात मोठी चूक. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि चुनखडी विरघळवत खाली येतं. छतातून थेंब बाहेर आला की तो वायू निसटतो आणि कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचा, अगदी पातळ थर मागे राहतो. त्यावर आपल्या हाताचं तेल लागलं की पुढचा थर नीट धरत नाही आणि डाग काळा पडत जातो.

सोसायटीच्या सहलीत आमच्यातल्या एका काकांनी बोर्रात कडेच्या लवणस्तंभाचं, म्हणजे असे थर साचून छतातून लटकलेल्या सुळक्याचं, टोक मोडून खिशात टाकलं. देव्हाऱ्यात ठेवायला! वर म्हणाले, "इतके लटकतायत, एकाने काय होतंय?" मी त्यांना तिथेच हिशोब करून दाखवला. वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग वाढ धरली, तर पेराएवढा तुकडा व्हायला अडीचशे वर्षं लागतात. काकांनी तो मुकाट्याने गाइडच्या हातात दिला, पण मोडलेलं टोक काही परत जोडता येत नाही. तेव्हापासून माझ्यासोबत येणाऱ्यांना एकच नियम: हात रेलिंगवर नाहीतर खिशात. मुलांनी सॅकचे पट्टे धरायचे. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालते.

गुहा म्हणजे गारवा, असं धरून जाड कपडे घालू नका. बेलममध्ये घामाच्या धारा लागतात. सुती कपडे घाला, आत शिरण्याआधी पोटभर पाणी प्या. आणि चपला नकोत, जमीन ओली असते.

"अर्ध्या तासात उरकू, मग गंडीकोटाची दरी" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. बेलमची लांबी 3229 मीटर, त्यातला साधारण दीड किलोमीटर आपल्यासाठी खुला आहे. काही ठिकाणी वाकून जावं लागतं. सगळ्यात खोल भाग, 46 मीटरवरची पाताळगंगा, घाईवाले हमखास सोडून येतात. निदान दोन तास हाताशी ठेवा. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत एका जागी थांबा, मोबाइल खिशात ठेवून. भिंतीवरचे पापुद्रे आणि पाण्याने कोरलेल्या खाचा त्यानंतरच दिसायला लागतात.

दिव्यांभोवतीचा हिरवा थर म्हणजे आपल्यासाठी लावलेल्या उजेडावर वाढलेलं शेवाळ. ते खरवडायला जाऊ नका.

आणि छत्तीसगडमधल्या बस्तरचं एक सांगते. चित्रकोट धबधबा पावसाळ्यात भरून वाहतो म्हणून लोक ऑगस्टची तिकिटं काढतात आणि कुटुमसर गुहाही त्याच फेरीत धरतात. पावसाळ्यात गुहेत पाणी शिरतं, त्यामुळे ती बंद असते. कुटुमसर बघायचीच असेल तर दिवाळीनंतर जा, आणि ती उघडली आहे का हे जगदलपूरला विचारून मगच तिकिटं काढा.