बुचाच्या झाडाची साल फेकू नका
पावसाळ्यात बुचाची फांदी पडली की (हे लाकूड ठिसूळ, वाऱ्यात हमखास मोडतं, म्हणून घराला किंवा पार्किंगला चिकटून हे झाड लावूच नका) तिच्यावरची जाड, भेगाळलेली साल काढून घ्या, नखाने दाबली तर मऊ लागते बघा. धुवून कडक उन्हात वाळवा आणि तिच्यावर ऑर्किड सुतळीने बांधा, मुळं मस्त पकडतात. बाटलीला बूच करायचं तर ही साल जरा हलक्या दर्जाचीच पडते, खरं बूच पोर्तुगालच्या ओक झाडाचं, ते दर ९ वर्षांनी सोलतात. पण म्हणून उभ्या झाडाची साल ओरबाडू नका हां! फुलं मात्र खुशाल वेचा, लांब देठांची वेणी दोऱ्याशिवाय होते.