या चुका टाळा : पॉट हुकला, पण दोष बॉलचा की हाताचा?

स्नूकरमध्ये हातातोंडाशी आलेली फ्रेम (एक डाव) एका सोप्या पॉटवर (बॉल पॉकेटात घालण्याच्या फटक्यावर) निसटली की क्लबात दोनच निवाडे ऐकू येतात: ‘बॉल खराब आहेत’ नाहीतर ‘प्रेशर आलं’. दोन्ही कारणं खरी असू शकतात. घोटाळा असा की मळक्या बॉलनं आणि आखडलेल्या हातानं पॉट बऱ्याचदा एकाच बाजूला हुकतो, थिक जातो, म्हणजे बॉल हवा तेवढा कापला जात नाही. मग खेळाडू भलत्याच गोष्टीवर उपाय करत बसतो. बॉल मळलेले असताना ग्रिप बदलतो, हात आखडत असताना क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) टोकाला लावायचा नवा चॉक विकत घेतो. म्हणून संच आणि हात यांची तपासणी वेगवेगळी करायची. संचाची आधी, कारण ती मोजून करता येते.

संच न मोजताच त्यावर महिनोन्‌महिने सराव करणं

नियमानुसार बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर, त्यात ०.०५ मिलिमीटर कमीजास्त चालतं. संचातल्या २२ बॉलांपैकी सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांच्यात ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा. बेल्जियमची सालुक कंपनी अरामिथ नावाचे फिनॉलिक रेझिनचे बॉल बनवते. तिच्या स्पर्धेसाठीच्या ‘वन जी’ संचात हा फरक १ ग्रॅमच्या आत असतो. पार्लरमधल्या जुन्या संचात तो किती आहे हे बहुधा कुणी पाहिलेलंच नसतं.

पाहायला अर्धा तास पुरतो. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि एक डिजिटल व्हर्नियर घ्या. प्रत्येक बॉल पुसून वजन करा, व्यास तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजा आणि वहीत लिहा. तीन मापांत फरक आला तर बॉल गोल राहिलेला नाही.

सर्वांत आधी झिजतो तो व्हाइट, म्हणजे क्यूनं मारायचा पांढरा बॉल, कारण प्रत्येक फटक्यात तोच असतो. एखाद्या रेडला फ्रेमभरात मोजकेच धक्के बसतात. व्यास ५२.५ वरून ५२.३ वर आला तर डोळ्यांना काही कळत नाही. पण वजन व्यासाच्या घनात बदलतं, म्हणून वजनात १.१ टक्क्याच्या आसपास घट होते, म्हणजे दीड ग्रॅमहून जास्त. हलका व्हाइट स्क्रूला (धडकेनंतर मागे आणणाऱ्या फटक्याला) पटकन मागे येतो, फॉलोला (पुढे नेणाऱ्या फटक्याला) मात्र अडखळतो. जड व्हाइटचं उलट: स्टन (न फिरता धडकणारा फटका) मारला तरी तो थोडा पुढे सरकतो आणि स्क्रूसाठी जास्त जोर लावावा लागतो. अशा व्हाइटवर हात बसवलेला खेळाडू चांगल्या संचावर गेला की पॉट जातात, पोझिशन (पुढच्या पॉटसाठी व्हाइटची जागा) मात्र दर वेळी वीतभर चुकते, आणि तिसऱ्या-चौथ्या चुकीला तो स्वतःच्या हातावर शंका घेऊ लागतो. दडपणाची सुरुवात पुष्कळदा इथेच असते.

व्हाइट हरवला किंवा त्याचा टवका उडाला की बाजारातून सुटा व्हाइट आणून भागवणं ही या चुकीची नेहमीची वाट. सुटा आणायचाच असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा आणा आणि संचातल्या रेडच्या सरासरी वजनाशी ताडून घ्या.

बॉल वळला की लगेच बॉलला नाव ठेवणं

हळू सोडलेला बॉल शेवटच्या फुटात वळला तर कारणं तीन: बॉल, टेबलाची पातळी, कापडाची लव (तंतूंचा कल). संशयित बॉल घ्या. शक्य असेल तर लाकडी रॅम्पवरून, नाहीतर अगदी हलक्या हातानं तो बॉकपासून (टेबलाच्या खेळ सुरू करायच्या टोकापासून) स्पॉटांच्या (रंगीत बॉल ठेवायच्या खुणांच्या) रेषेवरून ब्लॅककडे सोडा. हेच सहा वेळा करा, पण दर वेळी बॉल थोडा फिरवून ठेवा. सहाही वेळा एकाच बाजूला गेला तर टेबल लेव्हलला नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी सरळ गेला तर बॉलचा तोल बिघडलेला आहे. मग तीच परीक्षा संचातल्या दुसऱ्या बॉलवर घ्या, म्हणजे शंका उरत नाही.

लवेचा गुण मात्र सगळ्यांनी गृहीत धरायचा. स्नूकरच्या कापडाची लव बॉककडून ब्लॅककडे जाते. त्यामुळे टेबलावर आडवा, हळू सोडलेला बॉल ब्लॅकच्या बाजूला किंचित ओढला जातो. मधल्या पॉकेटात हळू सोडलेले पॉट ब्लॅककडच्या जबड्याला (पॉकेटच्या कडेला) लागतात ते यामुळे. ब्रश आणि इस्त्री नेहमी याच दिशेनं, बॉककडून ब्लॅककडे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात कापड ओल धरतं, बॉल लवकर थांबतो. व्यावसायिक स्पर्धांतल्या टेबलांना स्लेटखालून ऊब देतात ती कापड कोरडं राहावं म्हणूनच.

मळके बॉल थिक, नवे बॉल थिन

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून थोडं सविस्तर. कापाच्या, म्हणजे कोनात मारायच्या पॉटमध्ये व्हाइट रेडला घासून जातो. त्या घर्षणानं रेड आपल्या खऱ्या रेषेवरून व्हाइटच्या दिशेकडे ओढला जातो, म्हणजे थिक जातो. हे प्रत्येक कापात थोडंफार होतंच. फटका जितका हळू आणि व्हाइट रेडपर्यंत जितका न फिरता, घसरत पोहोचतो, तितकं ते जास्त. म्हणून हळू स्टनचा काप हा सगळ्यात दगा देणारा पॉट. त्यात स्पर्शाच्या नेमक्या जागी चॉकचा ठिपका किंवा हाताचा घाम आला की घर्षण एकदम वाढतं. बॉल ‘टक्‌’ऐवजी ‘ठप्प’ वाजतो, कधी जागेवरच उडतो, रेड थिक आणि आखूड जातो. हीच किक.

रेषेत एक अंशाचा फरक पडला तर १८० सेंटिमीटरवरच्या पॉकेटपाशी तो सुमारे ३ सेंटिमीटर होतो. कॉर्नर पॉकेटच्या तोंडात बॉल सोडून दोन्ही बाजूंची मिळून साधारण साडेतीन सेंटिमीटर जागा उरते. म्हणजे मध्यावर नेम धरला असेल तर एका अंशात बॉल जबड्यावर.

याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. जो खेळाडू वर्षभर मळक्या बॉलवर खेळतो, त्याचा डोळा नकळत थोडा थिन, म्हणजे जास्त कापणारा नेम धरायला शिकलेला असतो, कारण बॉल थिक ओढला जाणार हे त्याच्या हाताला माहीत असतं. तोच खेळाडू स्पर्धेत नव्या, चकचकीत संचावर येतो. घर्षण कमी, बॉल ओढला जात नाही, आणि पहिल्या दोन फ्रेममध्ये त्याचे पॉट ओळीनं थिन जातात. सगळे म्हणतात घाबरला. खरं तर त्याचा नेम नेहमीचाच होता. उपाय साधा आहे: स्पर्धेच्या आधीचे दहाबारा दिवस तरी रोज सरावापूर्वी सगळे २२ बॉल पुसून घ्या. आणि स्पर्धेच्या टेबलावर सरावाची पाच मिनिटं मिळाली तर लांबचे सरळ पॉट मारण्यात घालवू नका. सरळ पॉटमध्ये हा फरक दिसतच नाही. ब्लॅकच्या स्पॉटवरून अर्ध्या बॉलचे (व्हाइट निम्माच बसेल असे) हळू काप मारा, दोन्ही बाजूंना, पाच-पाच.

चिकट बॉलवर इलाज म्हणून साइड (व्हाइटच्या डाव्या-उजव्या बाजूला मारून दिलेली फिरकी) लावू नका. साइडनं व्हाइट आधी सरळ रेषेतून ढकलला जातो आणि मग वळतो. एका अडचणीच्या जागी तीन होतात. त्यापेक्षा फटका थोडा खणखणीत मारा किंवा स्टन सोडून व्हाइट फिरत जाईल असा मारा.

धुण्याच्या नावाखाली बॉल बिघडवणं

भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, केरोसीन, ॲसिटोन, मोटारीचं मेणाचं पॉलिश: यातलं काहीही बॉलला लावू नये. पावडर आणि पेस्टनं पृष्ठभागावर बारीक चरे पडतात आणि चॉक त्यांत जाऊन बसतो. मेणाचं पॉलिश पहिली फ्रेम चमकतं, मग त्यावर धूळ चिकटून किका वाढतात, आणि तो थर कापडावरही उतरतो.

बादलीत चार-पाच लिटर कोमट पाणी, त्यात एक चहाचा चमचा साधं डिशवॉश लिक्विड. बॉल एकेक करून मऊ कापडानं धुवायचा. भिजत टाकायचा नाही. दुसऱ्या स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यायचा, कारण साबणाचा अंश राहिला तर तोही चिकटतो. मायक्रोफायबरनं कोरडा करायचा आणि दुसऱ्या, पूर्ण कोरड्या कापडानं पुन्हा पुसायचा. रोजचं चालू टेबल असेल तर धुणं आठवड्यातून एकदा, कोरडं पुसणं रोज. व्हाइट मात्र दर दोन-तीन फ्रेमनंतर पुसावा, आणि चॉक टेबलावर धरून लावू नये. पडलेली भुकटी बॉल उचलतोच. फिनलंडच्या ताओमसारखे नवे चॉक बॉलवर कमी खुणा सोडतात. पण चॉक बदलायचा तर सरावात, सामन्याच्या दिवशी नाही.

किक बसल्यावर पुढचा पॉटही घालवणं

सामन्यात बॉलवर ठिपका दिसला तर पंचाला सांगून बॉल पुसून घेता येतो. पंच जागा दाखवणारा मार्कर लावतो, बॉल उचलतो, पुसून परत ठेवतो. हा हक्क पुष्कळ खेळाडू संकोचानं वापरत नाहीत. स्वतः बोट लावून पुसू नका, तो फाउल आहे. पंच नसलेल्या क्लबातल्या सामन्यात समोरच्याला विचारून, क्लबात गुण मांडणाऱ्या मार्करला बोलावून हेच करा.

किक बसून पॉट गेला तर मोठी चूक पुढच्या पाळीला होते: खेळाडू ‘आता ओढला जाईल’ म्हणून मुद्दाम थिन मारतो. किक ही त्या एका स्पर्शाची गोष्ट असते. नेम आहे तोच ठेवा.

दडपणात हात नेमकं काय करतो

आधी मागची, शेवटची बोटं क्यूला आवळतात. मग बॅकस्विंग (क्यू मागे नेणं) आखूड होतो. आखूड बॅकस्विंगची भरपाई करायला हात शेवटी झटका देतो किंवा उलट, घाबरून वेग सोडतो. वेग सोडला की फटका ठरवल्यापेक्षा हळू बसतो, हळू काप जास्त ओढला जातो, पॉट थिक. बघा, स्वच्छ बॉल असूनही मळक्या बॉलसारखाच निकाल. झटका दिला तर टिप (क्यूचं टोक) मध्यावर न बसता नको ती साइड लागते आणि पॉट कुठेही जाऊ शकतो.

हे तपासायला जुनीच कसोटी आहे. व्हाइट ब्राऊनच्या स्पॉटवर ठेवा आणि ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटांवरून सरळ टॉप कुशनला (ब्लॅकमागच्या कडेला) मारून परत आणा. तो टिपवर आला पाहिजे. उजवीकडे परतला तर उजवी साइड लागते आहे. दहा वेळा मारा, वहीत लिहा. मग दोन जिने भरभर चढून या आणि छाती धडधडत असतानाच पुन्हा दहा मारा. दोन आकड्यांत जो फरक येईल तो तुमच्या हाताचा. बॉल आणि टेबल दोन्ही वेळा तेच होते.

सुधारणा ग्रिपपासून करू नका; ‘सैल धर’ असं स्वतःला सांगितलं की हात जास्तच आवळतो. फेदरची (फटक्याआधी क्यू पुढेमागे करण्याची) संख्या पक्की करा. तीन तर तीनच, सोप्या रेडलाही आणि फ्रेमच्या ब्लॅकलाही. तिसऱ्यानंतर टिप व्हाइटपाशी थांबवा, नजर रेडवर स्थिर करा, क्यू सावकाश मागे न्या, मग मारा. नजर शेवटच्या क्षणी व्हाइट-रेड-व्हाइट अशी उडत असेल तर फटका झटक्याचाच येणार. खाली वाकल्यावर बेत बदलला, स्टनऐवजी स्क्रू मारावासा वाटला, तर उठा. अर्धवट बदललेला बेत हे दडपणातल्या चुकांचं सर्वांत मोठं घर आहे.

दडपणाचा पॉट नेहमी थिकच जातो असंही नाही. १९८५ च्या जागतिक स्पर्धेची अंतिम लढत, शेफील्डचं क्रूसिबल थिएटर, १७-१७, शेवटच्या फ्रेमचा शेवटचा ब्लॅक. स्टीव्ह डेव्हिसनं तो प्रमाणाबाहेर कापला, म्हणजे थिन घालवला, आणि डेनिस टेलर ब्लॅक घालून १८-१७ ने जिंकला. म्हणून ‘हुकला’ एवढंच लिहू नका. थिक की थिन, हळू की जोरात, स्कोअर काय होता, हे तीन रकाने वहीत ठेवा. तीस-चाळीस नोंदी झाल्या की चित्र दिसतं. फक्त हळू काप थिक जात असतील तर बॉल पुसा. आघाडीवर असताना थिक आणि मागे असताना ठीक, असं दिसलं तर हाताकडे बघा.

त्याच दिवशी खात्री करायची असेल तर सामना संपल्यावर हुकलेला पॉट त्याच टेबलावर पुन्हा मांडा. बॉल न पुसता दहा मारा, पुसून दहा मारा. पुसल्यावरच जायला लागला तर बॉल. दोन्ही वेळा गेला तर तो पॉट तुम्हाला येतो आणि सामन्यात हात आखडला होता.

खुर्चीत बसून आकडे विसरणं

समोरचा ब्रेक करत (ओळीनं पॉट घालत) असताना खुर्चीत करण्यासारखं एकच काम आहे: उरलेले गुण मोजणं. सहा रंगीत बॉल मिळून २७, आणि टेबलावरच्या प्रत्येक रेडमागे ८ (रेडचा १, ब्लॅकचे ७). एक रेड उरला असेल तर ३५. तुम्ही ३६ ने मागे असाल तर समोरच्याला अडवून फाउल करायला लावणारा फटका, म्हणजे स्नूकर लागणार, ३५ ने असाल तर बरोबरी शक्य आहे. हा हिशेब टेबलाकडे आल्यावर सुरू केला तर पहिला पॉट घाईत जातो. हात कपड्यानं कोरडे करा, पाण्याचा घोट घ्या, क्यू मांडीवर आडवा ठेवून बोटं मोकळी ठेवा. आणि उठल्यावरचा पहिला फटका शक्यतो साइड नसलेला, मध्यावर मारायचा निवडा, पोझिशन थोडी दुय्यम मिळाली तरी.