रिसर्चवर मराठीत पोस्ट टाकताय? आधी पेपर उघडा

'शास्त्रज्ञांचा दावा' म्हणून जी बातमी आपल्यापर्यंत येते ती चार हात फिरून आलेली असते. आधी पेपर, म्हणजे संशोधकांनी जर्नलमध्ये (संशोधनाच्या नियतकालिकात) छापलेला मूळ शोधनिबंध, मग युनिव्हर्सिटीची प्रेस रिलीज, म्हणजे पत्रकारांना पाठवलेलं निवेदन, मग इंग्रजी बातमी, मग तिचं घाईघाईत उरकलेलं मराठी, आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅप. शिव्या मात्र सगळ्या पत्रकारांना पडतात. 2014 साली कार्डिफ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ब्रिटनमधल्या 20 मोठ्या युनिव्हर्सिटींच्या, हेल्थ रिसर्चवरच्या 462 प्रेस रिलीज मूळ पेपरशी ताडून बघितल्या, तर प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दलच्या 36 टक्के रिलीजमध्येच ते निष्कर्ष माणसाला वाजवीपेक्षा जास्त लागू करून टाकले होते. आणि रिलीजमध्ये असं फुगवलेलं असलं की 86 टक्के बातम्यांतही ते तसंच आलं, नसलं तर फक्त 10 टक्क्यांत. म्हणजे पाणी बरंचसं विहिरीतच गढूळ होतं.

म्हणून बातमीवरून लिहू नका आणि रिलीजवरूनही नको, पेपर शोधा. बातमीत जर्नलचं नाव असतंच बहुतेक, नसलं तर मुख्य संशोधकाचं आडनाव आणि विषय गूगल स्कॉलरमध्ये टाका. पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय पेपर न उघडणारं पान, आडवा आला तर तिथेच खाली 'ऑल व्हर्जन्स' वर क्लिक करून बघा, बऱ्याचदा फुकट पीडीएफ मिळते. तेही नाही जमलं तर पेपरवर कॉरस्पाँडिंग ऑथरचा (पत्रव्यवहार बघणाऱ्या संशोधकाचा) ईमेल दिलेला असतो, दोन ओळींची मेल टाका, लोक खुशीने पाठवतात, आपला पेपर कुणीतरी मागून वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं.

आता पेपर पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका, झोप येईल. अ‍ॅबस्ट्रॅक्टवर, म्हणजे सुरुवातीच्या सारांशावर, नजर टाका आणि थेट मेथड्सवर, म्हणजे प्रयोग कसा केला त्या भागावर, जा. प्रयोग कशावर केला, पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर, किती दिवस, आणि तुलना कुणाशी? हे चार प्रश्न एवढे साधे आहेत की विचारायचे राहूनच जातात. 2015 मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने जर्मन टीव्हीवाल्यांबरोबर मुद्दाम एक फालतू अभ्यास केला, चॉकलेट खाल्लं की वजन लवकर उतरतं असा. ट्रायल खरी होती बरं का, पण माणसं 15, गट तीन, म्हणजे एकेका गटात पाचेक जण, आणि काळ फक्त तीन आठवडे. मोजल्या मात्र 18 गोष्टी, वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे, आणि इतक्या गोष्टी मोजल्या की निव्वळ नशिबाने एखादी तरी 'सिग्निफिकंट', म्हणजे आकडेवारीच्या हिशोबात दखल घेण्याजोगी, निघायची शक्यता 60 टक्क्यांच्या घरात जाते. पैसे भरून पेपर छापून आणला, झकास प्रेस रिलीज काढली आणि बातमी थेट 'बिल्ड' या जर्मन वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर! माणसं किती होती हे जवळजवळ कुणीच विचारलं नाही आणि तो आकडा कुणीच छापला नाही, असं बोहॅननने नंतर स्वतःच लिहिलं.

मेथड्सनंतर डिस्कशनच्या शेवटी लिमिटेशन्स असतात, तो परिच्छेद सोडू नका. संशोधक तिथे स्वतःच सांगतात की आमचं कुठे लंगडं आहे, आणि तुमच्या पोस्टचा अर्धा मालमसाला तिथेच मिळतो.

टक्केवारी आली की थांबा. ऑक्टोबर 2015 मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर एजन्सीने सांगितलं की रोज 50 ग्रॅम प्रोसेस्ड मीट, म्हणजे सॉसेज, हॅमसारखं प्रक्रिया केलेलं मांस, खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. वाचणाऱ्याला वाटतं 100 पैकी 18 जणांना होणार. पण वाढ कशाच्या 18 टक्के? ब्रिटनमध्ये 100 पैकी साधारण 6 जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो, त्यात 18 टक्के वाढ म्हणजे 6 चे 7. भारतात मुळात हे प्रमाण खूप कमी, त्यामुळे फरक आणखी छोटा. त्यात एजन्सीने प्रोसेस्ड मीट तंबाखूच्याच ग्रुप 1 मध्ये टाकलं म्हणून 'सॉसेज सिगारेटइतकंच घातक' असले मथळे आले, जे साफ चूक आहे, कारण तो ग्रुप पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तर मथळा 'सॉसेजने कॅन्सरचा धोका 18 टक्के वाढतो' असा न देता 'रोज सॉसेज खाल्लं तर ब्रिटनमध्ये 100 पैकी 6 च्या जागी 7 जणांना आतड्याचा कॅन्सर' असा द्या, लाईक थोडे कमी येतील, चालतंय.

पेपर अजून प्रीप्रिंट असेल, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला असेल, तर ते दुसऱ्याच वाक्यात लिहा, तळाला नको, तळापर्यंत कोण जातं. जानेवारी 2020 च्या शेवटी दिल्लीतल्या काही संशोधकांनी कोरोना व्हायरसमध्ये एचआयव्हीसारखे तुकडे दिसतात असा प्रीप्रिंट टाकला, जगभरातून टीका झाली आणि दोनतीन दिवसांत त्यांनी तो मागेही घेतला, पण फॉरवर्ड काही मागे आले नाहीत.

लिहून झालं की विज्ञानाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि काय कळलं ते सांगायला लावा. "म्हणजे आता सॉसेज बंदच करायचं ना?" असं आलं तर तेवढा परिच्छेद परत लिहा. एखाद्या वाक्याबद्दल शंका असेल तर तेवढंच वाक्य संशोधकाला पाठवून 'हे बरोबर आहे का' विचारा. 'तुमचा पेपर समजावून सांगा' असली मेल टाकलीत तर उत्तराची वाट बघत बसाल.

आणि एक, पोस्ट टाकली म्हणजे काम संपलं असं नाही. कोरोनासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरचा, लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला पेपर मे 2020 मध्ये छापला आणि जूनच्या सुरुवातीलाच मागे घेतला गेला, तोवर त्यावर जगभर बातम्या होऊन गेल्या होत्या. अधूनमधून पेपरचं पान उघडून बघा, मागे घेतला असेल तर वर 'रिट्रॅक्टेड' लिहिलेलं असतं. मग नवीन पोस्ट टाकू नका, जुनीच एडिट करून पहिल्या ओळीत तारखेसकट तसं लिहा, कारण शेअर जुनीच होत राहते.